कडेवर मूल आणि ब्राझीलची रांग

ब्राझीलच्या बेलो होरिझोन्ते शहरातल्या एका औषधांच्या दुकानात मी परवा साध्या रांगेत उभा होतो. माझी मुलगी ओवी दुकानात स्वतःच्या पायांनी आली होती, म्हणून साधी रांग. मग तिने हात वर केले, मी उचललं आणि दोन मिनिटांत ती खांद्यावर झोपली. पुढच्या बाईंनी मागे वळून पाहिलं आणि जवळजवळ रागावूनच म्हणाल्या, ‘इथे कशाला थांबलात? तिकडे जा ना!’ काउंटरवरच्या मुलीने हात करून बोलावलंच. माझ्या पुढे आठ-दहा जण होते. एकानेही कुरकुर केली नाही. त्यातले एक आजोबा माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठे दिसत होते. त्यांनी आधी जावं म्हणून मी थांबलो, तर ते हसून ओवीच्या पायाला हात लावत म्हणाले की झोपलेलं मूल जड असतं.

साओ पावलोत राहायला आल्यापासून हे मी रोज पाहतोय, तरी दर वेळी आत काहीतरी हलतं. त्यामुळे आज त्याबद्दलच लिहितो. रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, पाओ दे आसुकार डोंगरावरची केबल कार वगैरेंचे फोटो तुम्ही पाहिले आहेतच.

इथे नोव्हेंबर 2000 पासून 10,048 क्रमांकाचा कायदा आहे. अपंग, साठीच्या पुढचे, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि कडेवर मूल असलेली कुणीही व्यक्ती यांना आधी सेवा मिळाली पाहिजे, असा तो आहे. 2023 मध्ये त्यात ऑटिझम असलेल्या व्यक्ती आल्या, रक्तदातेही आले. बँक, सुपरमार्केट, विमानतळ, तिकीटखिडकी, सगळीकडे ‘प्रेफेरेन्सियाल’ अशी पाटी आणि तिच्यावर काठी टेकलेल्या म्हाताऱ्याचं, पोट पुढे आलेल्या बाईचं, बाळ घेतलेल्या माणसाचं चित्र. बाळाबरोबर आईच असली पाहिजे, अशी अट कुठेही नाही. बापाला तोच हक्क आहे.

हे माझ्यासाठी का मोठं आहे ते सांगतो. आम्ही इथे आलो ते बायकोच्या नोकरीसाठी. कारखान्यांच्या कामासाठी तिला कधी कुरितिबा, कधी साल्वादोर, कधी राजधानी ब्राझिलिया असं फिरावं लागतं. ओवी अडीच वर्षांची आहे. आम्ही तिघंही जातो आणि दिवसभर शहरात मी आणि ओवी असतो. गावाकडून फोन आला की विचारतात, ‘पण तू काय करतोस तिथे?’ मी हे करतो. सकाळी तिला भरवतो, बस पकडतो, बाग शोधतो, दुपारी झोपवतो. माझ्या मते हे पूर्ण वेळेचं काम आहे आणि ते मी चांगलं करतोय.

डोंबिवलीत हेच काम करताना मी जनरल डब्यात असायचो. तिकडे बायकांच्या डब्यात बाळ घेतलेल्या आईला जागा होते, बापाने बाळाला घेऊन कुठे जायचं याचं उत्तर रेल्वेकडे नाही. अर्थात आमच्या लोकांबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही. सकाळच्या 8.20 च्या गर्दीत ओवीला अनोळखी माणसांनी हातोहात खिडकीपर्यंत पोचवलंय, ठाण्यापर्यंत मांडीवर बसवून बिस्किट भरवलंय. इतक्या कोंडलेल्या डब्यात इतकी माया इथल्या मेट्रोत मी पाहिलेली नाही. पण ती माया त्या दिवशी त्या डब्यात कोण आहे यावर असते. नशीब चांगलं असलं तर मिळते, आणि मिळाली की चार वेळा ‘थँक्यू’ म्हणून आपण ओशाळून बसतो. इथे आभार मानले तर लोकांना कळत नाही कशाबद्दल. तिरुमलाला वर्षाच्या आतलं मूल घेऊन येणाऱ्या आईवडिलांसाठी वेगळं दर्शन आहे. देवाच्या दारात आपण हे करू शकतो, तर बँकेच्या दारात का नाही, हा प्रश्न मला सुटत नाही.

आणि फ्राल्दारिओ! इथल्या बहुतेक मॉलमध्ये बाळांचे डायपर बदलण्यासाठी वेगळी खोली असते. ती बायकांच्या स्वच्छतागृहात नसते, स्वतंत्र असते, आणि तिथे बाप सरळ जातो. डायपर बदलायचे ओटे, हात धुवायला कोमट पाणी, दूध गरम करायला मायक्रोवेव्ह, पाजणाऱ्या आईसाठी पडद्याआड खुर्ची. ओवीला कमोडच्या झाकणावर आडवं ठेवून डायपर बदललेला माणूस आहे मी. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून ‘कुणी आत ओटा रिकामा आहे का सांगाल का’ असं विचारलेलं आहे. त्यामुळे पहिल्यांदा त्या खोलीत शिरलो, तेव्हा शेजारच्या ओट्यावर दुसरा एक बाप शांतपणे पावडर लावत होता, आणि मला भरून आलं. मुंबईच्या विमानतळावरही सोय चांगली आहे, मान्य. पण विमानतळावर रोज कोण जातं?

साओ पावलो शहराने 2015 मध्ये आणखी एक कायदा केला. आईला बाळाला पाजायला मनाई करणाऱ्या दुकानाला किंवा हॉटेलाला 500 रेआल (इथलं चलन) दंड. मातृदुग्धपेढ्यांचं जाळंही इथे दोनशेच्या वर केंद्रांचं आहे, जगातलं सगळ्यात मोठं. ब्राझिलियात तर अग्निशमन दलाचे लोक घरोघरी जाऊन आयांनी काढून ठेवलेलं दूध गोळा करतात. हे ऐकून मी लगेच सांगितलं की आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 मध्ये आमच्या मुंबईत, सायन रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. ऐकणाऱ्या नर्सबाईंना ते माहीत नव्हतं. माहीत करून दिल्याचं मला फार बरं वाटलं.

त्या नर्सबाई साल्वादोरच्या. तिथे ओवीला रात्री ताप चढला. बायको कारखान्यात होती. हॉटेलवाल्याने उपा गाठायला सांगितलं, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं सरकारी तातडीचं केंद्र. 1988 च्या राज्यघटनेने इथे आरोग्य हा सगळ्यांचा हक्क केला आणि सूस नावाची सरकारी व्यवस्था उभी राहिली. तिच्यात परदेशी माणसालाही मोफत उपचार मिळतात. मी पासपोर्ट, विमा, कार्ड सगळं मुठीत धरून गेलो होतो. आधी नर्सने तपासून तब्येतीनुसार रंग ठरवला, ओवीला पिवळा, म्हणजे फार थांबायचं नाही. डेंग्यूची तपासणी झाली, औषध दिलं, पहाटे सोडलं. बिल कुठे भरायचं विचारलं तर बिल नव्हतंच. खुर्च्या मोडक्या होत्या, भिंतीला ओल होती, आणि आमच्याहून कितीतरी जण जास्त वेळ बसून होते, हेही खरं. कोपऱ्यात झे गोतिन्याचं चित्र होतं. हा थेंबाच्या आकाराचा पांढरा बाहुला 1986 पासून इथल्या पोलिओ मोहिमेचा चेहरा आहे. ब्राझीलमधला शेवटचा रुग्ण 1989 मधला. आपल्याकडचा 2011 मधला. मात्र आपल्याकडच्या पोलिओ रविवारी किती कोटी पोरांच्या तोंडात थेंब पडायचे, तेही कुणीतरी इथे सांगायला हवं, आणि मी सांगतो.

आता त्रासाचं. बाबागाडी आणू नका. इथे बहुतेक शहरांत घरासमोरच्या फुटपाथची जबाबदारी घरमालकाची असते. त्यामुळे दर दहा पावलांवर फरशी बदलते, उंची बदलते, कुणी गाडी चढवायला उतार केलेला, कुणी पायरी. साल्वादोरच्या पेलोरिन्योत गोल दगडांचा चढ. वरच्या शहरातून खालच्या शहरात नेणारी एलेवादोर लासेर्दा ही 1873 ची लिफ्ट 72 मीटर उंच आहे, ती ओवीला फार आवडली, पण तिच्यापर्यंत मी बाबागाडी डोक्यावर घेऊनच पोचलो. जिथे कडेवरच्या मुलाला एवढा मान, तिथे त्याच मुलाला चालवायला धड रस्ता नाही, याचा मला मनापासून राग येतो.

रविवारी मात्र चित्र पालटतं. साओ पावलोचा पावलिस्ता रस्ता गाड्यांना बंद होतो आणि मास्प संग्रहालयाखालच्या 74 मीटर लांब, मध्ये एकही खांब नसलेल्या जागेत पोरं धावत सुटतात. ब्राझिलियात एइशाओ हा मोठा रस्ता बंद, रिओत कोपाकबानाच्या किनाऱ्यालगतचा रस्ता बंद. कुरितिबात तर 1972 मध्ये महापौर जायमे लेर्नेर यांनी एक मुख्य रस्ता शनिवार-रविवार गाठून पादचाऱ्यांचा करून टाकला. गाडीवाले तो परत मिळवायला गाड्या घेऊन येणार असं कळलं, तेव्हा रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरून मुलांना चित्रं काढायला बसवलं. गाड्या मागे फिरल्या. त्या रस्त्यावर मी ओवीला मुद्दाम खाली सोडलं. पुण्यात लक्ष्मी रोड डिसेंबरात एक दिवस पादचाऱ्यांना मिळतो. एक दिवस तरी मिळतो, हे मी धरून चालतो.

जेवणाची काळजी आईला सगळ्यात जास्त होती. वजनावर जेवण विकणारी खानावळ प्रत्येक शहरात आहे. ओवी रोज भात आणि बीन्स खाते, पण बीन्समध्ये बऱ्याचदा डुकराचं मांस शिजवलेलं असतं, आधी विचारायचं. साल्वादोरचा आकाराजे म्हणजे चवळीचा वडाच, फक्त पामतेलात तळलेला, त्यात सुकी कोळंबी घालू नका म्हणायचं. साबुदाणा ज्या कंदाचा, तो मूळचा इथल्या मातीतला. त्याच्याच पिठाची तापिओका ओवी दोन्ही हातांनी खाते. रिओच्या तिजुकाच्या जंगलात फणसाची झाडं इतकी माजली आहेत की तिथल्या लोकांना ती डोईजड झाली आहेत. कोकणातल्या माणसाने ते फणस पाहून काय करावं? मी घमघमाट येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.

सान्तोसच्या किनाऱ्यावर एक मुलगा हरवला होता. कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलं आणि टाळ्या वाजवत चालू लागलं. शेजारच्या छत्र्यांखालच्यांनी टाळ्या सुरू केल्या, मग त्यांच्या पलीकडच्यांनी. टाळ्यांचा आवाज मुलाबरोबर किनाऱ्याने सरकत गेला, आणि त्या आवाजाच्या दिशेने त्याची आई धावत आली. गिरगावच्या विसर्जनाला लाउडस्पीकरवरून हरवलेल्या मुलांची नावं पुकारतात तेव्हा जसा जीव टांगतो, तसाच टांगला होता.

आई सप्टेंबरात येतेय. 27 सप्टेंबरला, कोस्मे आणि दामिआंव या जुळ्या संतांच्या दिवशी, रिओत रस्त्यावर मुलांना खाऊच्या पिशव्या वाटतात, तेव्हा तिथे जायचा बेत आहे. ती 66 वर्षांची, म्हणजे तिलाही पाटीखालची रांग आहे. भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, आणि साठीनंतर ती लस डॉक्टरांना विचारूनच घ्यावी लागते. बहिणीला सांगितलंय, तिकीट काढण्याआधी आईला डॉक्टरांकडे घेऊन जा.