गोचीड दिसली नाही म्हणून काय झालं?

डॉक्टरांनी शेरू कुत्र्याचा ओठ वर केला, अंगठ्याने हिरडी दाबली आणि सोडली. दाबलेली जागा लगेच गुलाबी व्हायला हवी. इथे हिरडीच इतकी पांढुरकी, की फरक कळेना.

कानाच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर पसरलं. तांबड्या पेशींत बेबेसिया, म्हणजे गोचिडीतून रक्तात शिरणारा सूक्ष्म परजीवी!

"पण अंगावर एकही गोचीड नाही," मी म्हटलं.

"ती रक्त पिऊन केव्हाच गळून पडली असेल."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये. चावल्यानंतर लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडेही जातात, आणि तोवर आपण निर्धास्त असतो.

ताप, मरगळ, जेवण टाकणं, काळ्या चहासारखी लघवी, नाकातून रक्त... यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. आणि कृपा करून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकते.

गोचिडीमुळेच होणाऱ्या एर्लिकिया या दुसऱ्या आजाराला डॉक्सिसायक्लिन साधारण 28 दिवस द्यावी लागते, बेबेसियाचं औषध वेगळं. म्हणून आधी रक्ततपासणी. कुत्रं चार दिवसांत उड्या मारायला लागलं तरी कोर्स पुरा करायचाच.

फिरवून आणल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघता ना तुम्ही?