चाहत्यांच्या हातातली शस्त्रे आणि कायद्याची नजर

एखाद्या कथेवर जीव जडलेल्या चाहत्याला तिची आठवण म्हणून काय जवळ ठेवायला आवडेल, असे विचारले तर उत्तरात बहुतेक वेळा शस्त्रच येते: नायिकेची तलवार, सेनापतीचा खंजीर, अंतराळवीराचे पिस्तूल. ही ओढ मला पूर्णपणे समजते, कारण पात्राचा स्वभाव आणि त्याची प्रतिज्ञा अनेकदा त्या एका वस्तूत एकवटलेली असते. म्हणूनच अशा शस्त्रांच्या प्रतिकृती घडवणाऱ्यांनी कायद्याचा विचार माल तयार झाल्यावर न करता पहिले रेखाटन करतानाच करावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

‘प्रतिकृती खऱ्या शस्त्रासारखी चालतच नाही, मग अडचण कसली?’ हा युक्तिवाद सर्रास केला जातो. पण अनेक देशांचे कायदे तेवढ्यावर थांबत नाहीत. पाहणाऱ्याला ती वस्तू खरी वाटेल का, तिच्यात फेरफार करून खरे शस्त्र बनवता येईल का आणि ती घेऊन माणूस कोठे निघाला आहे, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे ठरतात.

ब्रिटनचा 2006 चा कायदा याबाबत विशेष अभ्यासण्यासारखा आहे. हुबेहूब दिसणारी नकली बंदूक बनवणे, विकणे किंवा आयात करणे हा तेथे गुन्हा आहे. मात्र संग्रहालये, नाटक, चित्रपट आणि ऐतिहासिक प्रसंगांची पुनर्निर्मिती यांना सवलत आहे. 1870 पूर्वीच्या धाटणीची बंदूक या व्याख्येत येत नाही. भडक लाल, केशरी, पिवळा, हिरवा, गुलाबी, जांभळा किंवा निळा रंग असलेली अथवा पारदर्शक वस्तू हुबेहूब मानली जात नाही आणि 38 मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची व 70 मिलिमीटरपेक्षा कमी लांबीची वस्तूही मानली जात नाही. म्हणजे किल्लीच्या साखळीला लटकवायची छोटी प्रतिकृती किंवा पारदर्शक रेझिनमध्ये (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या राळेत) ओतलेले पिस्तूल यांची वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे, आणि कल्पक कारागिराला एवढी जागा पुरेशी असते.

अमेरिकेत 1988 च्या संघीय कायद्यानुसार खेळण्यातल्या व नकली बंदुकांच्या नळीच्या तोंडाशी ठळक केशरी खूण असणे सर्वसाधारणपणे आवश्यक आहे, शिवाय राज्यांचे आणि शहरांचे नियम वेगळे आहेत. वस्तू अस्सल दिसावी म्हणून ही खूण रंगवून झाकणारे चाहते आहेत, आणि त्यांना मी विनवणी करेन की असे करू नका. 2014 मध्ये क्लीव्हलँड शहरात 12 वर्षांच्या एका मुलाच्या हातात एअरसॉफ्ट पिस्तूल (प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारे खेळातले पिस्तूल) होते, त्याची केशरी खूण निघालेली होती आणि पोलिसाच्या गोळीने तो मुलगा मृत्युमुखी पडला. जपानमध्ये धातूच्या नकली पिस्तुलाला पांढरा किंवा पिवळा रंग देऊन त्याची नळी पूर्ण बंद करावी लागते, तर कॅनडात खऱ्या बंदुकीशी जवळजवळ तंतोतंत जुळणारी प्रतिकृती ‘प्रतिबंधित साधन’ ठरते.

तलवारींचे गणित वेगळे आहे, कारण पोलादी पाते बोथट असले तरी ते पातेच असते. भारताचा 1959 चा शस्त्र कायदा ज्यांचा खेळण्यापलीकडे उपयोग होऊ शकत नाही आणि ज्यांचे वापरण्याजोग्या शस्त्रात रूपांतर करता येत नाही, अशा वस्तूंना वगळतो. परंतु 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी आणि खंजीर यांना त्याखालच्या नियमांत स्वतंत्र वर्ग आहे. म्हणून पात्राची वेशभूषा करताना हाती धरायच्या शस्त्रासाठी ईव्हीए फोम (स्पंजासारखे मऊ प्लास्टिक) हाच मला सर्वांत योग्य पर्याय वाटतो: तो हलका असतो, उष्णतेने वाकतो आणि गर्दीत धक्का लागला तरी इजा करत नाही.

घरातल्या भिंतीवर लावणे आणि रस्त्यावरून नेणे यांत मोठा फरक आहे. प्रतिकृती बंद पिशवीत न्यावी, विमानाच्या केबिनमध्ये तर ती नेऊच नये. चाहत्यांच्या संमेलनांचे नियमही अचानक कडक होऊ शकतात; 2017 मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स कॉमिककॉन या संमेलनात खऱ्या बंदुका घेऊन आलेल्या माणसाला अटक झाली आणि आयोजकांनी नकली शस्त्रांवर सरसकट बंदी घातली.

माझ्या मते चाहत्यांसाठी सर्वांत सुंदर वस्तू शस्त्राच्या अवतीभवती सापडतात. नक्षीदार म्यान, भिंतीवर लावण्याजोगी नुसती मूठ, तलवार घडवणाऱ्या लोहाराची काल्पनिक नोंदवही, सेनेची मुद्रा, शपथपत्र, युद्धभूमीचा कापडावर छापलेला नकाशा, शस्त्राचे अंतरंग दाखवणारे तांत्रिक रेखाचित्र: यांतून कथेचे जग अधिक खोलवर उलगडते. अर्थात, पात्रे आणि चिन्हे यांच्यावर निर्मात्यांचा हक्क असतो, त्यामुळे विक्रीपूर्वी परवानगी लागते.

परदेशातून मागवलेल्या वस्तूला ती जेथे पोहोचते तेथील कायदा लागू होतो, आणि विक्रेत्याच्या देशात ती वैध असल्याचा सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे फारसा उपयोग होत नाही. म्हणून विक्रेत्याने पात्याची लांबी, साहित्य, धार आहे की नाही आणि नळी बंद आहे की नाही, हे वर्णनात स्पष्ट लिहावे. ग्राहकाला तेवढ्या माहितीवर पैसे भरण्याआधीच आपल्या देशातला नियम तपासता येतो.