स्वस्त इंजिन ऑइल चालेल का? किमतीआधी डब्याची मागची बाजू वाचा

चालतं. फक्त गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड आणि श्रेणी त्या डब्यावर असली पाहिजे, आणि आतलं ऑइल अस्सल पाहिजे. सर्वो, मॅक, एचपी ही सरकारी कंपन्यांची ऑइलं बऱ्याचदा विदेशी ब्रँडपेक्षा स्वस्त पडतात, पण म्हणून ती हलकी ठरत नाहीत.

10डब्ल्यू-30 किंवा 20डब्ल्यू-40 हा आकडा फक्त पातळ-जाडपणा सांगतो. दर्जा कळतो एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) अक्षरांवरून. एसएफ ही 1988 पर्यंतच्या पेट्रोल इंजिनांची श्रेणी. ती छापलेले डबे अजून दिसतात, ते आजच्या गाडीत नकोत. एसएल 2001 ची, एसएन 2010 ची, एसपी 2020 ची. मॅन्युअलमध्ये एसएल असेल तर कारमध्ये एसएन खुशाल घाला, पण उलटं करू नका.

मोटरसायकलला मात्र एवढं पुरत नाही. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजतात, म्हणून डब्यावर जासोचं (जपानी वाहन-मानक संस्था) एमए किंवा एमए2 हवंच. कारच्या पातळ ऑइलमध्ये मायलेजसाठी घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि क्लच प्लेटला तर घर्षणच हवं असतं. असं ऑइल बाइकमध्ये गेलं की क्लच घसरतो; मग घाटात आरपीएम चढतो, गाडी ओढत नाही. कारचं महागडं सिंथेटिक ओतून क्लच घालवण्यापेक्षा साधं मिनरल एमए शतपटीनं बरं. लवकर लक्षात आलं तर ऑइल बदलून भागू शकतं. प्लेटा जळल्या तर सेट नवा. गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा, तिला जासोचं कमी घर्षणाचं एमबी. तिच्यात एमए गेलं तरी बिघडत नाही, मायलेज किंचित घटेल.

स्वस्त मिनरल ऑइलची खरी कमजोरी गिअरबॉक्समध्ये उघडी पडते. ऑइल गरम झाल्यावरही जाड राहावं म्हणून त्यात पॉलिमर घालतात. गिअरचे दाते ते चिरडतात आणि 40 चं ऑइल हळूहळू 30 सारखं वागायला लागतं. गिअर अडकतात, न्यूट्रल सापडत नाही, टॅपेट वाजतात. असं वेळेआधीच व्हायला लागलं तर बदलायचं अंतर कमी करा. रंगावर जाऊ नका; काळं पडणं म्हणजे ऑइल काजळी धरून ठेवण्याचं काम करतंय.

बीएस6 डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर हात आखडू नका. तिथे कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) सी श्रेणीचंच ऑइल लागतं. सीएच-4 या एपीआयच्या जुन्या डिझेल श्रेणीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साठते आणि ती रीजनरेशननं, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळून टाकण्याच्या प्रक्रियेनं, जळत नाही. टर्बो पेट्रोललाही मॅन्युअलमधली श्रेणी तंतोतंत पाळा.

खरा धोका भेसळीचा. भंगारात गेलेले ब्रँडेड डबे पुन्हा भरले जातात. झाकणाची कडी अखंड आहे का, झाकणाखालचं फॉइल नीट चिकटलंय का, बॅच नंबर खोडलेला तर नाही ना, एवढं बघा. सुटं ऑइल घेऊच नका. डबा आपल्यासमोर फोडायला लावा आणि रिकामा झाला की स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडूनच गॅरेजमधून निघा.