त्यांना आर्मी नाही का हो?

भूतानला आर्मी नाही का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी पुण्याहून भूतानला ग्रुप घेऊन जातो. फुन्त्शोलिंगचं गेट ओलांडून बस घाट चढायला लागली आणि कडेला आपल्या 'दंतक'च्या, म्हणजे तिथे रस्ते बांधणाऱ्या आपल्या बॉर्डर रोड्सच्या प्रकल्पाच्या, पाट्या दिसायला लागल्या की मागच्या सीटवरून हमखास येतंच, "अहो, यांना स्वतःची आर्मी नाही का?" आणि पाठोपाठ, "उद्या चीनने घेतलंच तर?"

आर्मी आहे हो. छोटी आहे, एअरफोर्स नाही, पण अख्खा देशच आठ लाखांच्या आतबाहेर, पिंपरी-चिंचवडच्या निम्माही नाही. ट्रेनिंगला आपल्या लष्कराची टीम 'हा' नावाच्या गावात साठेक वर्षं बसलीय. आणि हो, त्या आर्मीच्या वेल्फेअरसाठी दारूचा कारखाना आहे, के फाइव्ह व्हिस्की तिथलीच, आमच्या ग्रुपमधल्या काकांना सगळ्या लेक्चरमधलं एवढंच लक्षात राहतं.

पण हीच आर्मी लढलीय. दोचुला खिंडीत १०८ छोर्तेनसमोर, म्हणजे छोट्या स्तूपांसमोर, सगळे सेल्फी काढतात ना, ते २००३ च्या लढाईचं स्मारक. आसामातले उल्फा, बोडो वगैरे बंडखोर गट भूतानच्या जंगलात ३० कॅम्प टाकून बसलेले, भारत मागे लागलेला, यांनी आधी कितीतरी वर्षं बोलणी करून पाहिली आणि शेवटी डिसेंबरमध्ये चौथे राजे स्वतः लढाईवर गेले. म्हणजे लढाई झाली ती आपल्याकडच्या लोकांशी, चीनशी नाही.

चीनशी लढायचं नसतंच, तिथे वेगळंच चालतं. भूतानी माणूस दिवसभर डोमा चघळतो, पान-चुना-सुपारी, आणि देशाची गत म्हणाल तर अडकित्त्यातली सुपारी. २०१७ चं डोकलाम आठवतंय? भूतान आपलं म्हणतो आणि चीनही हक्क सांगतो ते पठार. चीन रस्ता करायला लागला, आपले जवान आडवे गेले, ७० हून जास्त दिवस समोरासमोर, आपले चॅनलवाले रोज रात्री युद्ध लावतायत, आणि ज्यांची ती जागा आहे त्या भूतानने काय केलं, तर जूनअखेर एक पत्रक काढलं की चीनशी झालेल्या १९८८ आणि १९९८ च्या करारांचा हा भंग आहे, जैसे थे ठेवा. त्यानंतर जवळजवळ गप्प. ग्रुपमधले म्हणतात घाबरले. मला नाही वाटत. तोंड उघडलं असतं तर कुठल्यातरी एका पात्याखाली गेलेच असते.

चीनची ऑफर तर जुनीच, १९९० च्या दशकातली. उत्तरेच्या ४९५ चौरस किमीवरचा हक्क आम्ही सोडतो, पश्चिमेचे २६९ आम्हाला द्या. कागदावर सौदा फायद्याचा, पण पश्चिमेच्या तुकड्यात डोकलाम येतं आणि त्याच्या खाली ईशान्य भारताला बाकी देशाशी जोडणारा आपला सिलिगुडीचा पट्टा, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम २०-२२ किमी. म्हणजे स्वतःच्या जमिनीची अदलाबदल करायची तरी आधी शेजाऱ्याच्या मानेचा विचार करायचा.

आणि शेजारी काय करतो? हे सांगितलं की बसमध्ये जरा शांतता होते. भारत-भूतानच्या १९४९ च्या तहात परराष्ट्र धोरणात भारताचा सल्ला घ्यायचा असं कलमच होतं, ते बदललं २००७ ला. मग २०१२ ला त्यांचे पंतप्रधान रिओमध्ये चीनच्या पंतप्रधानांना भेटले, आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत, निवडणूक तोंडावर असताना, आपण गॅस आणि रॉकेलवरची सबसिडी थांबवली. आपलं म्हणणं, योजनेची मुदत संपली होती. असेल. पण थिंफूत सिलिंडरचा भाव एकदम चढला त्या बाईला मुदत कोण समजावणार? सत्ताधारी पक्ष हरला. महिन्याभरात सबसिडी परत सुरू.

म्हणून "आपलंच तर आहे ते" असं कोणी म्हणालं की मी जरा चिडतो. दंतकचे रस्ते खरे आहेत, आपले लोक ते करताना मेलेत हेही खरं, आणि डोकलामजवळ चीनने गाव वसवलंय हेही खरं, पण म्हणून 'आपलंच'?

आमच्या गाईडला एकदा कोणीतरी सरळच विचारलं, तुम्हाला भारत जवळचा की चीन? तो हसला, डोम्याचा विडा गालात सरकवला आणि म्हणाला, सर, थिंफूमध्ये एकही सिग्नल नाही, माहितीय तुम्हाला?