तुम्ही विचारलंत म्हणून: मामा सापाने गेला, तरीही?

इथल्या, इंग्लंडातल्या रेडिंगमधल्या मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी हसून विषय बदलते. मामेभावाने फोनवर विचारलं तेव्हा तसं करता आलं नाही. "माझा बाप सापाने गेला आणि तू पैसे देऊन साप आणणार?" त्याला हे विचारायचा हक्क आहे. म्हणून एकदाच लिहिते.

आधी सोपं ते. भारतात असते तर प्रश्नच नव्हता. तिकडचा देशी साप घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. इंग्लंडात कॉर्न स्नेकला परवाना लागत नाही. हा मूळचा अमेरिकेचा, बिनविषारी, आणि मी घेणार तो पेटीतच जन्मलेला. जंगलातून कुणी धरून आणलेला नाही. दूध पाजणार नाही, साप दूध पीत नाहीत. गोठवलेले उंदीर आणलेत, वेगळ्या डब्यात, वेगळ्या छोट्या फ्रीजरमध्ये. नवऱ्याची ती एकच अट होती.

आता मामा.

मे महिना होता, आम्ही वस्तीवर होतो. उकाड्याने सगळे अंगणात, जमिनीवरच पथारी टाकून. पहाटे मामा उठला आणि पोटात दुखतंय म्हणाला. मामीने ओवा दिला. सूज नाही, रक्त नाही, दाताची खूणही कुणाला दिसली नाही. मण्यार अशीच चावते, हे मला वीस वर्षांनी वाचून कळलं. उजाडल्यावर तो म्हणाला, "डोळं उघडंना झालंत." मला वाटलं झोप येतेय. मी नऊ वर्षांची होते, त्याच्या पापण्या बोटांनी वर करून हसत होते. तोही हसला. मग जीभ जड झाली, आणि कुणीतरी 'पान लागलं', म्हणजे साप चावला, असं म्हणालं. देवऋषी, लिंबाचा पाला, ढोल. जीप मिळून लस असलेल्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुपार झाली होती. श्वास वाटेतच थांबला.

तिसऱ्या दिवशी गोठ्यामागे साप निघाला. लांब, पिवळसर, पळू बघणारा. धामण होती, उंदीर खाणारी, बिनविषारी. सगळ्यांनी ठेचली. एक दगड माझाही होता, आणि तो लागला.

म्हणजे हे प्रायश्चित्त आहे का? मैत्रिणींना ही गोष्ट आवडेल, मलाही आवडली असती. पण त्या धामणीला त्याचा काय उपयोग? दोन वर्षांपूर्वी मी सगळ्यांना सांगत होते, "भीती घालवण्यासाठी." तेही खोटं. भीती अजून आहे. दुकानात त्याला हातावर घेतलं, तेव्हा मान ताठ झाली होती माझी. तो मात्र मनगटाभोवती फिरून बाहीत शिरायला बघत होता. उबेला आला असणार. प्रेम वगैरे काही नाही, एवढं मला कळतं.

तीन आठवडे चार फुटी रिकामी पेटी चालू आहे. पहिल्या रात्री हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावली आणि सकाळी तळ 44 अंश. साप आत असता तर पोट भाजून घेतलं असतं. आता उबदार बाजू 30, गार बाजू 24. लपायला दोन्हीकडे एकेक जागा, नाहीतर त्याला ऊब किंवा आडोसा यातलं एकच निवडावं लागतं. झाकणाला चिमटे, कारण हे साप फट दिसली की निसटतात. आणल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. हे सगळं मी इतक्या मन लावून करते की मलाच संशय येतो. माणसासाठी त्या सकाळी एवढं कुणी केलं नाही. मीही नाही.

मामेभावाला यातलं काय सांगू? तो म्हणाला, "मग माझ्या घरी येताना फोटो दाखवू नकोस." नाही दाखवणार.

शनिवारी आणायचा आहे. काल आईला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "झोपलाय ते कळतं कसं?"

"कळत नाही गं लगेच. त्याला पापण्या नसतात."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला असावा.

"झाकण रात्री दोनदा बघत जा," ती म्हणाली.