रूपकातला अभंग, ७/४ आणि १२० चा घोळ: माझा अनुभव

"काका, तुमचा तबला पळतोय." स्टुडिओतल्या पोराचं हे वाक्य ऐकून जे डोकं फिरलं ते अजून पूर्ण शांत झालेलं नाही, म्हणून लिहितोय.

ताईंचा एक अभंग घरी रेकॉर्ड केला होता, ताल रूपक, म्हणजे सात मात्रांचा. तबला मी पॅडवर वाजवून मिडीत घेतला (मिडीत आवाज नसतो, कुठला ठोका कधी पडला एवढीच नोंद असते), म्हणजे स्टुडिओवाल्यांना त्यांच्याकडचे चांगले आवाज लावता येतील. लय मिनिटाला ७५ मात्रांना सुरू होऊन शेवटी ८४ पर्यंत चढते, मुद्दामच, कारण अभंग मशीनसारखा एका लयीत गेला की मजा जाते. त्यासाठी टेम्पो मॅप केला (कुठे किती लय त्याचा नकाशा), प्रत्येक सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, स्क्रीनवरच्या बारच्या (एका आवर्तनाच्या घराच्या) रेघेवर बसवली, ते सगळं निवांत झालं.

मग मिडी आणि ताईंच्या आवाजाची वेव्ह फाइल पाठवली आणि अडकलो. पहिल्याच आवर्तनात तबला पुढे, आवाज मागे. आधी म्हणे क्वांटाइझ करू (ठोके ओढून रेघांवर बसवू), मग म्हणे आवाज स्ट्रेच करून बसवू. अहो ताईंच्या ताना रबर आहेत का ताणायला! बरं फोन केला की "सर मिक्समध्ये आहेत", मेसेज केला की अंगठा.

शेवटी मीच खोदत बसलो. मिडीतला स्वर कुठे वाजायचा ते सेकंदांत लिहिलेलं नसतं, टिकमध्ये असतं, माझ्याकडे एका क्वार्टर नोटचे (इथे एक मात्रा) ४८० टिक. टिक किती वेळाचा ते टेम्पो ठरवतो, आणि तो फाइलमध्ये एका क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद असा लिहिलेला असतो, ७५ साठी ८,००,०००. आवाजाच्या फाइलला यातलं काही कळत नाही, ती आपली सेकंदांनी चालते. आता बरीच सॉफ्टवेअर नवीन प्रोजेक्ट १२० आणि ४/४ ला उघडतात, आणि मिडी आत घेताना टेम्पो मॅपही घ्यायचा का असं विचारतात. त्या पोराने बहुतेक न वाचताच नाही म्हटलं. मग सात मात्रा ५.६ सेकंदांऐवजी ३.५ सेकंदांत संपणार, पळणारच ना तबला! स्क्रीनवर मात्र सगळं बारमध्ये चोख दिसतं, म्हणून त्याला ते माझ्या हाताचं काम वाटलं.

व्हिडिओ कॉलवर त्याला रिकामा प्रोजेक्ट उघडायला लावला, आधी मिडी, टेम्पो मॅपला हो, मग आवाज अगदी शून्यापासून. लगेच बसलं. ते मोठे सर मागून म्हणाले, "अरे हे तर बरोबर आहे." मी काही बोललो नाही, पण बरं वाटलं.

हां, मधे त्याने सात म्हणजे सेव्हन-एट असं धरून ७/८ पण केलं होतं. त्याने स्वर हलत नाहीत, फक्त रेघा सरकतात, एका आवर्तनाचे दोन बार दिसतात. पण ७/८ मध्ये मात्रा आठव्या नोटवर धरलीत तर लक्षात ठेवा, बऱ्याच ठिकाणी टेम्पो क्वार्टर नोटचाच मोजतात, मग ७५ च्या लयीला ३७.५ टाकावं लागतं. त्यापेक्षा सरळ ७/४ घ्या, म्हणजे एका बारमध्ये सात क्वार्टर नोट.

पाठवताना तबल्याची वेव्ह फाइलही सोबत द्याच, म्हणजे ताडून बघता येतं. आलाप असेल तर सगळ्या फाइल्स प्रोजेक्टच्या सुरुवातीपासून काढा, ठेका सुरू होतो तिथून नको. आणि लय हळूहळू चढवणारी तिरकी रेघ वापरली असेल तर मिडीत ती तिरकी जात नाही, पायऱ्या पायऱ्यांनीच जाते, त्यामुळे निर्यात केलेली फाइल आपल्याकडेच रिकाम्या प्रोजेक्टमध्ये उघडून एकदा ऐका.

क्लिकवर (हेडफोनमधल्या लयीच्या टकटकीवर) गाणाऱ्यांसाठी अजून एक, क्लिकचा मोठा ठोका पहिल्या मात्रेवर पडतो आणि रूपकची सम तर ‘खाली’ची, म्हणजे हलक्या, बिनजोराच्या मात्रेची, गाणाऱ्याला ते टोचतं. ताईंनी तर हेडफोनच काढून ठेवला होता. क्लिक बंद करून "ती ती ना धी ना धी ना" एवढाच ठेका लूपवर लावा.