तुम्ही विचारलंत म्हणून: शेक द्यायचा सोडून गप्पा कशाला?

माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेले नातेवाईक हमखास विचारतात, "मॅडम, मशीन लावायचं सोडून पेशंटशी बोलतच काय बसता?" सोलापुरी माणूस आडपडदा ठेवत नाही. तर सांगते.

टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या एक मावशी यायच्या. उजवा खांदा आठ महिने दुखत होता, हात खांद्याच्या वर जायचा नाही. झोपवून मी नेला की मात्र सहज जायचा. म्हणजे सांधा आखडला नव्हता. कुणीतरी त्यांना "खांदा झिजलाय, जपा" म्हणालं होतं आणि तेव्हापासून त्या हाताला जपतच होत्या. सुरुवातीची काही वर्षं मीही सरसकट "वजन उचलू नका" सांगायचे. किती हात बसवून ठेवले असतील, देव जाणे! एमआरआयमध्ये अशी झीज अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही दिसते.

ब्रिटनमध्ये फिजिओथेरपी घेणाऱ्या १,०३० खांदेदुखीच्या रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. दुखत असलं तरी आपली कामं आपण करू शकू, असा भरवसा ज्यांना आधीपासून होता, त्यांचे खांदे सहा महिन्यांनी जास्त सुधारलेले होते.

पण हा भरवसा माझ्या बोलण्याने येत नाही. "होईल हो सगळं नीट" म्हणायला काय जातं? अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्येच लिहून ठेवलंय, की स्वतः करून पाहिलेलं माणसाला सगळ्यात जास्त पटतं. दुसऱ्याने दिलेला धीर त्यापुढे दुबळा. म्हणून गप्पांत मी एवढंच शोधते, की घरातलं नेमकं काय अडलंय. मावशींचा अडला होता वरच्या फळीवरचा कडक भाकरीचा डबा. त्यासाठी नातवाला स्टुलावर चढवावं लागायचं.

मग तोच व्यायाम. ओट्यावरून उचलून वरच्या फळ्यांपैकी सगळ्यात खालच्या फळीवर रिकामा डबा, दहा वेळा. पुढे त्यात अर्धा किलो शेंगदाणे. ठणका लागेल, हे आधीच सांगितलेलं. सकाळपर्यंत उतरला तर तेवढंच चालू, नाही उतरला तर शेंगदाणे कमी. वही त्यांचीच, तेलुगूत. मला वाचता येत नाही, त्यामुळे किती वेळा उचलला ते त्याच मोठ्याने वाचून दाखवायच्या.

(पडल्यावर अचानक हात उचलेनासा झाला तर मात्र आधी डॉक्टर. तिथे डबा नाही.)

तिसऱ्या महिन्यात मावशी वहीशिवाय आल्या. "डबा?" मी विचारलं.

"मीच काढते. नातू रुसलाय, त्याचं स्टूल गेलं."

रात्री उजव्या कुशीवर अजून झोपवत नाही, म्हणाल्या.